सात वर्षांचा ऋतू आणि घरी राहिलेली बायको

१५ सप्टेंबर १९६७, शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चे दुसरे पर्व सुरू झाले आणि पहिल्या काही मिनिटांतच सूपचा वाडगा उडत येऊन भिंतीवर आदळला. फेकणारा होता स्पॉक. अर्धा मानव, अर्धा व्हल्कन; आईकडून पृथ्वीचा, वडिलांकडून अशा ग्रहाचा की जिथे भावनेला तर्काने दाबून टाकणे हाच धर्म मानला जातो. आधीच्या वर्षभरात प्रेक्षकांनी त्याची एक भुवई वर गेलेली पाहिली होती, क्वचित त्याहून थोडे अधिक. तोच स्पॉक आता नर्स चॅपलने मायेने करून आणलेले सूप भिरकावतो, सुरी धरलेले थरथरते हात पाठीमागे लपवतो आणि कॅप्टनकडे घरी जायची रजा मागतो.

आपल्याकडे ही मालिका १९८०च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली. तेव्हाच्या मुलांच्या लक्षात राहिले ते स्पॉकचे टोकदार कान. पण ‘अमॉक टाइम’ नावाच्या या भागाने विज्ञानकथेच्या दूरदर्शन-इतिहासात एक प्रश्न सोडून दिला आणि तो पुढची पन्नासहून अधिक वर्षे वेगवेगळ्या लेखकांच्या टेबलावर फिरत राहिला. शरीराचा ऋतू आला की ज्याची शुद्ध हरपते, त्याच्या वैवाहिक निष्ठेला काही अर्थ उरतो का? आणि त्याच प्रश्नाची दुसरी बाजू, जी फार कमी लेखकांनी उचलली: त्या काळात घरी वाट पाहणाऱ्या बाईचे काय?

स्पॉकला झालेले असते ते ‘पॉन फार’. व्हल्कन पुरुषाला ठरावीक काळाने येणारा हा समागमाचा ज्वर. वेळेवर जोडीदारापाशी पोचला नाही तर तो मरतो. डॉक्टर मॅकॉयच्या हिशोबाने स्पॉककडे आठ दिवस उरलेले असतात. कॅप्टन कर्क खोदून खोदून विचारतो तेव्हा स्पॉक शरमेने अर्धमेला होऊन सांगतो की हा जीवशास्त्राचा मामला आहे. अंडी घालायला जन्मठिकाणी परतणाऱ्या सामन माशाचा दाखला तो देतो. आपल्या भाषेत या अवस्थेला खरे तर तयार शब्द आहे. गाय माजावर येते, हत्ती मदावर येतो. त्यातही गोठ्यातला एक शब्द स्पॉकसाठीच घडवल्यासारखा आहे: ‘मुका माज’. म्हैस आतून माजावर असते, पण हंबरणे, धडपडणे ही लक्षणे बाहेर दिसत नाहीत आणि मालकाला पत्ता लागत नाही. माज या शब्दाचा दुसरा अर्थ उन्मत्तपणा हेही सोयीचेच. भागाच्या इंग्रजी नावातला ‘अमॉक’ हा शब्द मूळचा मलय, पोर्तुगीजांच्या लेखनातून युरोपात गेलेला; त्याचाही अर्थ भान सुटून चवताळणे असाच.

हा भाग लिहिला थिओडोर स्टर्जन यांनी. ‘मोर दॅन ह्यूमन’ या १९५३च्या कादंबरीमुळे ते विज्ञानकथेत मोठे नाव होते. त्याच वर्षी त्यांनी ‘द वर्ल्ड वेल लॉस्ट’ या कथेत समलिंगी प्रेमाविषयी सहानुभूतीने लिहिले होते आणि १९६०च्या ‘व्हीनस प्लस एक्स’मध्ये स्त्री-पुरुष भेदच नसलेला समाज रंगवला होता. म्हणजे परग्रहाच्या आडून शरीराविषयी बोलण्याचा त्यांना सराव होता. दूरदर्शनला मात्र नव्हता. १९५२मध्ये ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेची नायिका खरोखरच गर्भवती होती, ते कथेतही घेतले गेले, पण गर्भारपणाचा सरळ शब्द उच्चारायला सीबीएस वाहिनीने मनाई केली. मालिकांमधल्या नवरा-बायकोंचे पलंग वेगवेगळे असत. बाहेर १९६०मध्ये गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली होती, १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रिझवोल्ड खटल्यात विवाहितांचा संततिनियमनाचा हक्क मान्य केला होता, आणि पडद्यावर अजून वेगळे पलंग. अशा वेळी रात्री साडेआठला कुटुंबांसमोर एखादा माणूस कामेच्छेने वेडापिसा झालेला दाखवणे अशक्यच होते. पण हा माणूस नव्हता. व्हल्कन होता आणि त्याला आजार झाला होता. वाहिनीच्या नियमातून वाट काढायला एवढे पुरले.

मात्र या युक्तीची किंमत होती. इच्छा जर आजार असेल, तर तिच्यात निवड उरत नाही; आणि निवड नसेल तर निष्ठा आणि व्यभिचार दोन्ही शब्द पोकळ होतात. पुरात वाहून गेलेल्याला तू गाव का सोडलास असे कोणी विचारत नाही. स्टर्जन यांना हे कळत होते असे मला वाटते, कारण त्यांनी निवड कथेत परत आणली, आणि आणली ती स्पॉककडून नव्हे.

स्पॉकचे वाग्दान वयाच्या सातव्या वर्षी झालेले. वधूचे नाव टिप्रिंग. अर्लीन मार्टेल या अभिनेत्रीने ती भूमिका केली. वाळवंटातल्या दगडी मंडपात वृद्ध मातृप्रमुख टिपाऊच्या साक्षीने विधी सुरू होतो. (टिपाऊला अभिवादन करताना स्पॉक बोटे मधोमध फाकवून हात वर करतो. तो आता जगभर ओळखला जाणारा हात इथे पहिल्यांदा दिसला. लेनर्ड निमॉय यांनी लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या पुरोहितांच्या आशीर्वादमुद्रेवरून तो घेतला.) ऐन वेळी टिप्रिंग विधी थांबवते आणि आव्हान देते. प्रथेनुसार तिच्यासाठी आता द्वंद्व व्हायचे. तिचा मनपसंत पुरुष, स्टॉन, तिथेच तयारीत उभा असतो. पण आपल्या बाजूने लढायला ती निवडते स्पॉकच्या मित्राला, कर्कला.

द्वंद्व संपते, कर्क मेला असे वाटते आणि स्पॉकचा ज्वर त्या क्षणी उतरतो. मग तो तिला शांतपणे कारण विचारतो. तिचे उत्तर या सगळ्या परंपरेतला सर्वांत धारदार संवाद आहे. तिचा हिशोब असा: कर्क जिंकला तर त्याला मी नको असणार, मी स्टॉनची. स्पॉक जिंकला तर आव्हान दिले म्हणून तो मला सोडील, मी स्टॉनची. आणि सोडले नाही तरी काय? तो यानावर निघून जाईल, त्याचे नाव आणि मालमत्ता माझ्याकडे राहील, आणि स्टॉन इथेच असेल. तिसऱ्या पर्यायात ती सरळ विवाहबाह्य संबंधाचे नियोजन करते आहे, आवाज न चढवता. स्पॉक तिच्या तर्काला निर्दोष म्हणतो. हे साडेआठच्या मालिकेत निर्वेधपणे गेले, याचे एकच कारण दिसते: सगळ्यांचे लक्ष ज्वराकडे आणि द्वंद्वाकडे होते.

इथे एक तारीख नोंदवायला हवी. न्यूयॉर्क राज्यात जवळजवळ दोनशे वर्षे घटस्फोटाला एकच कारण चालत असे, व्यभिचार. कारण नसेल तर ते बनवावे लागे. हॉटेलची खोली, भाड्याची बाई आणि छायाचित्रकार यांची सोय करून नवरे खोटे पुरावे तयार करत. हा कायदा बदलला आणि नवा कायदा १ सप्टेंबर १९६७ रोजी अमलात आला, ‘अमॉक टाइम’ दाखवला जाण्याच्या बरोबर चौदा दिवस आधी. संबंध योगायोगाचाच, कथा त्याआधी लिहून झाली होती. पण त्या काळच्या प्रेक्षकाला टिप्रिंगची अडचण परकी वाटली नसणार. नको असलेल्या विवाहातून बाहेर पडायला तिच्यासमोर एकच दार होते आणि त्यातून जायचे तर कोणाचा तरी बळी द्यावा लागत होता. तरीही चाहत्यांनी वर्षानुवर्षे तिला थंड काळजाची, कपटी ठरवले. स्पॉकला किती काळ भेटली नव्हती, कशावर निष्ठा ठेवायची होती, हे कोणी विचारले नाही.

ज्याला आपण ‘सात वर्षांचे चक्र’ म्हणून ओळखतो, त्याचा आकडा या भागात नाहीच. सात येतो तो वाग्दानाच्या वयापुरता. चक्र सात वर्षांचे आहे हे पहिल्यांदा कळते ते २८ फेब्रुवारी १९६९च्या ‘द क्लाउड माइंडर्स’मध्ये. आणि सांगतो कोण? स्वतः स्पॉक, नुकत्याच ओळख झालेल्या एका सुंदर तरुणीला, गप्पांच्या ओघात. दीड वर्षापूर्वी जी गोष्ट जिवलग मित्राला सांगताना त्याची जीभ अडखळत होती ती! मालिकेच्या लेखकांनी आपलेच जुने भाग पाहिले नव्हते असा याचा सरळ अर्थ. पण आकडा चिकटला. अमेरिकी मनात लग्नाच्या सातव्या वर्षी मन भटकते ही समजूत आधीच रुजलेली होती, ‘द सेव्हन इयर इच’ हे नाटक आणि १९५५चा मर्लिन मन्रोचा चित्रपट त्याच समजुतीवर उभे होते. विनोद असा की तिथे सातवे वर्ष नवऱ्याला घराबाहेर खेचते आणि इथे घरी.

एक गैरसमज मात्र मालिकेच्या लेखिका डी. सी. फोंटाना यांना वारंवार दूर करावा लागला. व्हल्कन सात वर्षांतून एकदाच जवळ येतात असे नव्हे. एरवीही त्यांना मोकळीक असते, सातव्या वर्षी फक्त सुटका नसते. फोंटाना यांना हे सांगण्याचा अधिकार होता, कारण नोव्हेंबर १९६७च्या ‘जर्नी टू बेबल’मध्ये स्पॉकचे आईवडील, सारेक आणि अमँडा, त्यांनीच पडद्यावर आणले. त्या वर्षी १२ जूनला लव्हिंग खटल्यात आंतरवंशीय विवाहांवरची बंदी न्यायालयाने उठवली होती. सारेक आणि अमँडा चारचौघांत दोन बोटे पुढे करून एकमेकांच्या बोटांना टेकवतात, बस्स. ज्वर नाही, द्वंद्व नाही, आणि तरी जुन्या मालिकेतला मुरलेला संसार तोच.

वाहिनीने जे झाकले ते चाहत्यांनी उघडले, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ‘स्पॉकनालिया’ हे पहिले चाहता-नियतकालिक सप्टेंबर १९६७मध्येच निघाले. टंकलिखित, हाताने बांधलेल्या अशा अंकांतून पॉन फारवर शेकडो कथा लिहिल्या गेल्या. त्यांतला आवडता पेच एकच: यान दूर आहे, वधू नाही, आठ दिवस उरलेत. मग जवळ कोण आहे? जवळ कर्क आहे. १९७४मध्ये ‘ग्रुप’ या नियतकालिकात कर्क-स्पॉक प्रेमाची पहिली कथा छापली गेली, नावे न घेता; आज जिला ‘स्लॅश’ म्हणतात ती अख्खी लेखनपरंपरा तिथून वाढली. वाहिनीचे व्यावसायिक लेखक याच पेचाकडे वीस वर्षांनी वळले.

टिप्रिंगची बाजू पडद्यावर यायला त्याहून वेळ लागला. २०२२च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये, जी काळाच्या क्रमाने ‘अमॉक टाइम’च्या आधी घडते, तिला नोकरी मिळाली, गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचे काम मिळाले आणि तक्रार करायला तोंड मिळाले: नवरा होऊ घातलेला माणूस प्रत्येक वेळी यानाला पहिला क्रमांक देतो. ‘स्पॉक अमॉक’ या भागात दोघांची शरीरे अदलाबदल होतात आणि एकमेकांचा दिवस एकमेकांना जगावा लागतो. पुढच्या वर्षी ‘चरेड्स’मध्ये स्पॉक तिच्यापासून महत्त्वाची गोष्ट लपवतो, ती दुरावते, आणि तो नर्स चॅपलला जवळ घेतो. ज्या चॅपलचे सूप १९६७मध्ये भिंतीवर गेले तीच. पाय आधी घसरतो तो त्याचा, आणि कसल्याही ज्वराशिवाय. आता जुना भाग पुन्हा पाहिला की टिप्रिंगचा हिशोब वेगळा ऐकू येतो.

मधल्या काळातले बरेच काही भरभर ओलांडता येईल. १९८४च्या चित्रपटात तरुण देहात पुन्हा जन्मलेल्या स्पॉकला साविक ही व्हल्कन अधिकारी ज्वरातून पार नेते. कॅमेरा बोटांवरून हलत नाही. २००३मध्ये ‘एंटरप्राइझ’ या मालिकेने एका जंतूच्या निमित्ताने टिपॉल या नायिकेला अकाली पॉन फार आणला आणि तिला अर्ध्या कपड्यांत निर्जंतुक खोलीत कोंडले. त्याविषयी जास्त लिहिण्यासारखे काही नाही. त्याच मालिकेतला डॉक्टर फ्लॉक्स मात्र मजेदार. त्याच्या समाजात पुरुषाला तीन बायका आणि प्रत्येक बाईला तीन नवरे. त्याची एक बायको यानावर येऊन ट्रिप या अभियंत्याच्या मागे लागते. ट्रिप घाबरत घाबरत नवऱ्याला सांगतो, तर नवरा त्यालाच धीर देतो.

‘एलियन नेशन’ (१९८९-९०) ही फॉक्स वाहिनीची अल्पायुषी मालिका याहून खोल गेली. लॉस एंजलिसमध्ये स्थलांतरित झालेल्या परग्रहवासीयांत गर्भधारणेला तिघे लागतात: पत्नी, पती आणि ‘बिनॉम’ नावाचा दुसऱ्या प्रकारचा पुरुष, ज्याच्या सहभागाशिवाय बीज रुजत नाही. पोलीस अधिकारी जॉर्ज आणि त्याची बायको सुझन यांना मूल हवे असते आणि पोलीस ठाण्यातला झाडूवाला अल्बर्ट बिनॉम असतो. तिसरा माणूस शयनगृहात येतो आणि तो क्षण पवित्र मानला जातो. जॉर्जचा मानव सहकारी गोंधळतो. त्याच्या मनातली व्यभिचाराची व्याख्या अंकगणितावर बेतलेली असते, दोनच्या पुढे मोजले की पाप. मालिकेने त्याला आणि प्रेक्षकाला हसत हसत अडचणीत आणले. गर्भ पुढे जॉर्जच वाढवतो, हा आणखी एक चिमटा.

आणि १९८९चाच ‘मॅनहंट’. बीटाझेड ग्रहावरच्या बायकांना उतारवयात ‘फेज’ येते, कामेच्छा चौपट होते. त्यातून जाणारी विधवा लवाक्साना ट्रॉय यानावर नवरा शोधत फिरते. हा भाग पोरकट विनोदाचा आहे. पण लवाक्सानाची भूमिका करणारी मॅजेल बॅरेट हीच जुन्या मालिकेतली नर्स चॅपल, आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची पत्नी. बावीस वर्षांनी तिला सूप खाली ठेवून स्वतःचा ऋतू मिळाला. लवाक्साना शेवटी ज्याला वर म्हणून निवडते तो मद्यालयाचा मालक होलोडेकमधला निघतो. होलोडेक म्हणजे यानावरची अशी खोली की जिथे संगणक प्रकाशातून स्पर्श करता येणारी माणसे उभी करतो. बिचारीला कोणीतरी सांगावे लागते की हा माणूसच नाही. प्रेक्षक हसतात. अकरा वर्षांनी हीच गोष्ट ‘व्हॉयेजर’मध्ये आली तेव्हा हसू तितके सोपे राहिले नव्हते.

‘व्हॉयेजर’ (१९९५-२००१) या मालिकेच्या मुळाशीच आपला प्रश्न आहे. यान एका झटक्यात आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला फेकले जाते. घर सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर, परतीला पंचाहत्तर वर्षे. यानाचा सुरक्षाप्रमुख टूवॉक पूर्ण व्हल्कन, टिपेल या स्त्रीशी लग्न झालेला, चार मुलांचा बाप. पंचाहत्तर वर्षांत सात वर्षांची चक्रे किती, हा गुणाकार चाहत्यांनी पहिल्याच वर्षी करून ठेवला होता.

लेखकांनी आधी दुसऱ्याकडून चाचणी घेतली. फेब्रुवारी १९९७च्या ‘ब्लड फीव्हर’मध्ये व्हॉरिक हा तरुण व्हल्कन अभियंता ज्वरात सापडतो. घरच्या वाग्दत्त वधूने आपल्याला मृत समजून दुसरा निवडला असणार असे धरून तो बेलाना टॉरेसला मागणी घालतो, आणि तिच्या नकारानंतरच्या झटापटीत ज्वर तिलाही जडतो. यानावरचा डॉक्टर व्हॉरिकसाठी होलोडेकमध्ये एक व्हल्कन स्त्री तयार करतो. उपयोग होत नाही. बेलाना ज्याच्यावर झेपावते तो टॉम पॅरिस तिच्यावर मनातून प्रेम करत असतो, तरी तो मागे सरतो, कारण ही ती नाही, ज्वर बोलतो आहे. शेवटी द्वंद्वाची वेळ येते तेव्हा बेलाना कोणा कर्कला पुढे करत नाही. स्वतःच लढते आणि जिंकते. या संपूर्ण प्रकरणात टूवॉक व्हॉरिकला मदत करायला, नुसते त्याविषयी बोलायलाही नाराज असतो. मुका माज.

१९९९च्या ‘ग्रॅव्हिटी’मध्ये एका ओसाड ग्रहावर नॉस ही एकटी स्त्री टूवॉकच्या प्रेमात पडते. ज्वर वगैरे काही नाही, तिथून सुटकेची आशाही नाही. टॉम पॅरिस त्याला मित्रत्वाने सांगून पाहतो की बायकोला आता विसर. टूवॉक ठाम राहतो. हा मला ‘व्हॉयेजर’मधला निष्ठेचा सर्वांत खरा भाग वाटतो, कारण इथे तो हो म्हणू शकत होता.

मग १५ नोव्हेंबर २०००, ‘बॉडी अँड सोल’. मालिकेचे सातवे वर्ष, चक्र पुरे झालेले. टूवॉकला फ्लू झाला आहे असे सगळ्यांना सांगितले जाते. औषध लागू पडत नाही. टॉम पॅरिस होलोडेक सुचवतो, टूवॉक आपण विवाहित असल्याची आठवण देतो. तेव्हा टॉम तोड काढतो: प्रतिमा बायकोचीच असेल तर? आणि टिपेल अवतरते, हुबेहूब.

ही तोड चतुर आहे आणि तितकीच अस्वस्थ करणारी. व्हॉरिकला अनोळखी प्रतिमेने आराम पडला नव्हता. टूवॉकला बायकोच्या चेहऱ्याने पडतो. म्हणजे ज्वरालाही माणूस ओळखता येते, आणि ‘अमॉक टाइम’मध्ये मित्राचे प्रेत पाहून जो ज्वर उतरला होता तो कधीच निव्वळ शरीराचा नव्हता, असे म्हणायला जागा राहते. पण मग या चेहऱ्याची परवानगी कोणाची? त्याच भागाच्या मुख्य कथेत लोकिरिम नावाचे लोक आहेत, ज्यांच्या होलोग्राम-नोकरांनी बंड केले आहे. त्यांचे जहाज ‘व्हॉयेजर’ला होलोडेक बंद करायला लावते आणि टिपेल मध्येच विझते. एका कथेत प्रकाशाची माणसे स्वातंत्र्यासाठी लढताहेत, दुसऱ्या कथेत प्रकाशाची बायको औषध म्हणून वापरली जाते आहे, आणि दोन्ही एकाच भागात शेजारी ठेवून लेखकांनी त्यांची गाठ घातली नाही. घातली असती तर भाग थोर झाला असता.

टिपेलची भूमिका मार्व्हा हिक्स यांनी केली, फक्त दोनदा. १९९५च्या ‘पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन’मध्ये ती टूवॉकला पडलेला भास असते आणि ‘बॉडी अँड सोल’मध्ये होलोग्राम. सात वर्षांत खरी टिपेल एकदाही पडद्यावर आली नाही. आपल्या काव्यशास्त्राने नायिकांचे आठ प्रकार मोजताना परगावी गेलेल्याच्या बायकोला, प्रोषितभर्तृकेला, स्वतंत्र घर दिले. आपल्या विरहाच्या लावण्या तिच्याच तोंडी आहेत. ‘व्हॉयेजर’ने तिला घर दिले नाही. १९९८च्या ‘हंटर्स’मध्ये घरून पत्रे येतात. कॅप्टन जेनवेच्या वाग्दत्त वराने तिला मेलेली समजून लग्न केलेले असते, आणि ते दुःख आपण तिच्या चेहऱ्यावर पुरेसे पाहतो. टिपेलही लिहिते, टूवॉक आजोबा झाल्याचे त्या पत्रातून कळते. तिने दुसरा पाहिला नाही. तिच्या बाजूने ते वाट पाहणे कसे होते, विवाहाच्या बंधाला इतके अंतर पेलते का, तिला स्वतःला कोणता ऋतू येतो, यावर मालिकेत अक्षर नाही. टिप्रिंगने १९६७मध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने मांडला होता: असल्या नवऱ्याची मी का वाट पाहावी?

मे २००१मध्ये ‘एंडगेम’ या भागाने मालिका संपली. त्यात कळते की टूवॉकच्या मेंदूला जडलेल्या रोगावर इलाज आहे, पण तो रक्ताच्या नातलगाशी मनाचा संयोग झाला तरच. म्हणजे घरी पोचला तरच. भविष्यातली म्हातारी जेनवे इतिहास बदलायला निघते त्यात हेही एक कारण असते. यान पोचते. पडद्यावर पृथ्वीचा निळा गोल मोठा होत जातो, ‘व्हॉयेजर’ त्याच्या दिशेने जाताना दिसते आणि नामावली सुरू होते. यानातून कोणी उतरताना दाखवलेले नाही.